शेजाऱ्याच्या अंगणात उघडणारी खिडकी

टर्पेंटाईनचा वास आला की मला श्रीवर्धनच्या आमच्या घराची मागची भिंत आठवते. "तुमची खिडकी आमच्या अंगणात उघडते, बुजवा," म्हणून शेजारी रोज भांडायचा. शेवटी आईने ती विटांनी बुजवली. पण आई बंगल्यांतल्या सिमेंटच्या खांबांना रंगाने हुबेहूब सागवानी रूप देणारी रंगारीण होती. गिलावा सुकल्यावर तिने बाहेरून त्याच जागी सताड उघडी खिडकी रंगवली, सागवानी झडपा आणि वाऱ्याने फुगलेल्या पडद्यासकट. सकाळी शेजारी सुपारीच्या वाडीतून ओरडतच आला, "परत उघडलीत? बंद करा!" कुंचला पुसत आई म्हणाली, "मी न्हाय करनार. डोळ्यांत खुपते ना? मग या, तुमच्या हातानं लावा." झडप ओढायला तो खरंच पुढे आला आणि ओल्या रंगात त्याचा पंजा उमटला. आता आई नाही. दर दिवाळीआधी मी ती खिडकी नव्याने रंगवते, फक्त त्याचा पंजा सोडून.