डेम्प्सीची आखूड फेरी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सेकंदभाऊंनी जन्मात कुणाला ठोसा मारला नव्हता. डास मारायला गेले तरी टाळी रिकामी वाजायची. पण जगातल्या जुन्या हेवीवेट बॉक्सरांत कुणाचा हात किती वेगानं चालायचा, हे विचारावं तर त्यांनाच. जुन्या लढतींची कॅसेट लावायची, हातात स्टॉपवॉच धरायचं आणि दहा सेकंदांत किती ठोसे पडले ते वहीत उतरवायचं. तीस वर्षं हाच उद्योग! लोक दुर्बीण डोळ्याला लावून ग्रह बघतात, तसा हा माणूस पडद्याला नाक लावून ठोसे मोजायचा.

त्यांच्याशी भांडायला दर रविवारी दाजी यायचे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. बेकरीत पीठ मळून मळून त्यांचे पंजे फावड्याएवढे झाले होते, त्यामुळे त्यांचा सगळा जीव ताकदीवर.

"वेग काय चाटायचाय? फोरमनसारख्या बॉक्सरचा एक ठोसा बसला की माणूस स्वतःचं नाव विसरतो!"

"बसला तर ना, दाजी! तो बसेपर्यंत समोरचा चार मारून मोकळा!"

सेकंदभाऊंच्या वहीचा निकाल मात्र दाजींनाही पचायचा नाही. पहिला नंबर शंभर वर्षांपूर्वीच्या डेम्प्सीचा. अली दुसरा! हा आपला शोध ऐकून जग एक दिवस तोंडात बोट घालणार, अशी भाऊंची खात्री होती. आणि तो दिवस आला. गावातल्या व्यायामशाळेनं व्याख्यानाला बोलावलं. फळ्यावर नाव, समोर माईक! घरात ज्याला कुणी भीक घालत नव्हतं, तो माणूस आठवडाभर गिऱ्हाइकांच्या हातात घड्याळाआधी आमंत्रण ठेवत होता.

व्याख्यान रविवारी दुपारी. सकाळी दाजींसमोर रंगीत तालीम झाली. डेम्प्सीची एक फेरी दाखवून भाऊंनी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"अगं, फेरी संपली. चहा कुठाय?"

"उकळला नाही अजून," आतून बायको म्हणाली. "या डेम्प्सीच्या फेरीत कधी होतच नाही. अलीची फेरी सुरू झाली की आधण ठेवते, संपली की कप तुमच्या हातात. तोच गॅस, तेच पातेलं. का हो, फेरी सगळ्यांची तीन मिनिटांचीच असते ना?"

भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. मग कॅसेट मागे नेली आणि या खेपेला ठोसे सोडून अख्खी फेरी मोजली. दोन मिनिटं दहा सेकंद. पुन्हा मोजली. तेवढीच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्या काळचा कॅमेरा हळू चालायचा, सेकंदाला कमी चित्रं टिपायचा, आणि आजचं यंत्र तीच चित्रं भराभर पळवायचं. डेम्प्सीच काय, त्या फिल्ममधला म्हातारा पंचसुद्धा अलीपेक्षा चपळ ठरला असता! परक्याच्या मनगटावर नजर टाकून 'तुमचं घड्याळ पुढे जातंय' म्हणणाऱ्या माणसाला तीस वर्षं हे दिसू नये?

"तुम्ही कॅसेट आणली त्याच वर्षी मी हे बोलले होते," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुला यातलं काय कळतं? म्हटलं, राहिलं."

आता दाजी हसून हसून जीव घेणार, असं भाऊंना वाटलं. पण दाजींनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "गप्प बस. कुणाला कळतंय? दे ठोकून! एवढ्या वर्षांची मेहनत काय पाण्यात घालतोस?"

दुपारी सभागृह भरलं होतं. भाऊ माईकसमोर उभे राहिले. एकदा वाटलं, द्यावं ठोकून. पहिल्याच रांगेत दाजी मानेनं 'हं, चालू दे' असं खुणावत होते.

"मंडळी," भाऊ म्हणाले, "माझी वही चुकली. आणि चूक मी नाही शोधली. माझ्या बायकोनं शोधली." मग त्यांनी आखूड फेरीची सगळी हकिकत सांगितली, चहाच्या पातेल्यासकट. लोक पोट धरून हसले. दाजींनी कपाळावर हात मारला.

"मग सगळ्यांत चपळ कोण?" व्यायामशाळेच्या वस्तादांनी विचारलं.

"मला नाही सांगता यायचं. तिला विचारा."

बायको शेवटच्या रांगेत उभी राहिली. आधी अडखळली, मग सुटलीच. "अलीच हो! पण नुसते हात काय बघता? तो आधी पायानं सरकतो, म्हणून समोरच्याला ठोसा निघालेलाच दिसत नाही. आणि दाजी, तुमचा फोरमन ताकदीचा खराच. पण सुरुवातीलाच सगळी उधळली, तर अलीपुढे आठव्या फेरीला उरणार काय?"

वस्ताद टाळ्या वाजवत म्हणाले, "वहिनी, पुढे या. उरलेलं तुम्हीच सांगा."

भाऊ माईकपासून बाजूला झाले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्यासाठी ओढली. तीस वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारातून उभ्यानं हे सगळं बघत आली होती. 'ये, बस, बघ' असं त्यांनी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला होता, पण लाजेनं मान काही वर होईना.