टीव्हीसमोरचा भुरका

सन दोन हजार तेवीस. माझं वय चौऱ्याहत्तर, आणि त्या साली मी आयुष्यात पहिल्यांदा चौथीच्या वर्गात बसलो.

त्याआधी माझी शाळा दुसरीतच आटोपली होती. (मास्तरांचं म्हणणं, मी नापास झालो. माझं म्हणणं, मी शाळा सोडली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्यामुळं तो वाद अजून मिटलेला न्हाय.) मग चौथीत मला बसवलं कुणी? माझ्या नातीनं, ईश्वरीनं. आणि जपाननं.

पण आधी भुरक्याचं सांगितलं पाहिजे. मी आमटी खातो ती भुरका मारून. ताकातल्या कण्या भुरका मारून. चहा बशीत ओतून, तोबी भुरका मारून. ज्या पंगतीत भुरक्याचा आवाज न्हाय, ती पंगत हाय का मयताचं जेवण? पण माझी सून रेखा पडली धाराशिवची, बारावी झालेली. ईश्वरी शाळेत जायला लागली तसा सुनेनं घरात कायदा काढला.

"मामा, जेवताना आवाज नका करू. पोरगी तुमचं बघून शिकती."

"शिकू दी की! चांगलंच शिकती."

"उद्या नोकरीला लागल्यावर चारचौघांत अशी भुरके मारत बसली तर?"

"मग सायेब व्हईल. सायबाला कोण बोलतंय?"

सुनेनं माझं ताट उचललं आणि पडवीत नेऊन ठेवलं. तवापासून मी पडवीत एकटाच जेवायचो, शेळीसमोर. (शेळीबी आवाज करूनच खाते. तिला कुणी काही म्हणत न्हाय!)

एक दिवस ईश्वरी शाळेतून पळतच आली.

"आबा, आमच्या वर्गात जपान येणार हाय!"

"कुठं उतरणार?"

"टीव्हीवर!"

मग कळलं ते असं. त्यांच्या सुनंदाबाईंनी वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर जपानातल्या एका शाळेची गाठ घालून दिली होती. तिकडं दुपारच्या जेवणाची सुट्टी असते तवा आपल्याकडं नुकती सकाळ झालेली असते. त्या वेळेला दोन्हीकडच्या पोरांनी एकच जपानी जेवण जेवायचं, आणि प्रत्येकानं घरचं एक म्हातारं माणूस संगं आणायचं. कागदाचे पक्षी करणं आणि वाकून नमस्कार घालणं पोरं आधीच शिकली होती. ईश्वरी तर शेळीलाबी वाकून नमस्कार घालायची.

"आणि आबा, जपानात शेवया खाताना भुरका मारत्यात! मोठ्यानं! बाईंनी सांगितलं. आवाज केला म्हणजे जेवण आवडलं."

मी हातातला घास खाली ठेवला.

"पुन्हा सांग. जरा मोठ्यानं सांग. आत आईला ऐकू जाऊ दी."

त्या रात्री मी माझं ताट स्वतः उचलून घरात आणलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलावर, मग पिठाच्या गिरणीवर, मग देवळापुढं, सगळीकडं सांगून आलो की मी लहानपणापासनं जपानी रीतीनं जेवतो. लोकांना आधी माहीत नव्हतं. (मलाबी नव्हतं.)

आता यात ईश्वरीचं एक काम अडकलं होतं. जपानात म्हणे भांड्यात काही शिल्लक ठेवत न्हाईत. तर ज्या पोराचं आणि त्याच्या म्हाताऱ्याचं, दोघांचं भांडं आधी स्वच्छ होईल, त्या पोरानं उभं राहून सगळ्या वर्गाच्या वतीनं जेवणाच्या आभाराचं जपानी वाक्य म्हणायचं. ईश्वरीनं ते वाक्य घोकून घोकून पाठ केलं होतं. झोपेत म्हणायची, हापशावर म्हणायची. पुढच्या आळीतला सोहम आणि त्याची आजीबी तयारीत होती.

"आबा, तुम्ही फक्त भांडं रिकामं करायचं," ती मला बजावून म्हणाली. "दुसरं काय बी न्हाय. बोलायचं बी न्हाय!"

"एवढंच व्हय? अगं, भांडं रिकामं करण्यात माझा जन्म गेला."

ठरल्या दिवशी धुतलेलं धोतर, पटका असा जाऊन सतरंजीवर बसलो. समोर टीव्हीत जपान. पोरं ओळीनं बसलेली, मागं त्यांची म्हातारी माणसं. बरोबर माझ्यासमोर माझ्याच वयाचा एक म्हातारा आला. इस्त्रीचा सदरा, तोंडावर हसू. त्यानं वाकून नमस्कार घातला. मी वाकून घातला. तो आणखी वाकला. मग मी काय कमी वाकणार? मी आणखी वाकलो. तो पुन्हा वाकला! शेवटी माझा पटका सतरंजीला टेकला तवा ईश्वरीनं मागून धोतर ओढलं.

जेवण वाढलं. सुनंदाबाई आणि शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींनी मिळून गव्हाच्या लांबच लांब जाड शेवया केल्या होत्या. स्टीलच्या वाडग्यात शेवया, वर पांढुरकं पाणी, आणि खायला दोन काड्या. मी पाणी चाखून बघितलं. मिठाची जरा ओळख होती, बाकी कुणी नव्हतं. पण मी काळ्या तिखटाच्या पुडीशिवाय उंबरा ओलांडत न्हाय. खिशातून पुडी काढली आणि सगळी वाडग्यात उपडी केली. जपान काळंभोर झालं.

तिकडच्या म्हाताऱ्यानं भुरका मारला. बरा होता. पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी वाडगं उचललं आणि असा भुरका मारला, की खिडकीतली चिमणी उडाली! वर्गानं टाळ्या वाजवल्या. जपाननं टाळ्या वाजवल्या! माणसानं इथंच थांबावं की न्हाय? मी दुसरा मारला. तिखट सरळ घशात. असा ठसका लागला, की माझी वरच्या दातांची कवळी जागा सोडून निघाली आणि वाडग्यात गेली. डुबुक!

कुणी बघितलं न्हाय. काळ्या पाण्यात दिसणार काय?

मी काडीनं शोधली. सापडली. दोन्ही काड्यांत धरून उचलली. सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. ईश्वरीचं वाडगं कवाच साफ, आणि पलीकडं सोहमच्या आजीचं तळाला आलेलं.

"आबा, संपवा की!" ईश्वरी दातओठ खात पुटपुटली. (तिच्याकडं दात होते.)

"हं," मी म्हणलं. त्याहून जास्त बोलायची सोय नव्हती.

मग एकच वाट उरली. वाडगं तोंडाला लावलं, डोळे मिटले आणि सगळं पिऊन टाकलं. शेवटच्या घोटासंगं कवळी घसरत ओठापाशी आली, तशी आत घेतली. उलटी बसली, पण बसली! वाडगं वर करून दाखवलं.

"वा! ईश्वरीचं आणि आबांचं सगळ्यात आधी!" सुनंदाबाई म्हणाल्या.

ईश्वरी उभी राहिली, वाकली आणि खणखणीत म्हणाली, "गोचिसोसामा देशिता!" कुठं अडखळली न्हाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (निम्मं तिखटाचं होतं.)

तेवढ्यावर भागलं असतं. पण तिकडचा म्हातारा उठला, आपलं रिकामं वाडगं माझ्याकडं करून त्यानं तेच वाक्य मला म्हणलं. मला! ईश्वरी डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण समोरचा माणूस रामराम घालतोय आणि आपण मुकं बसायचं? आमच्या गावची तशी रीत न्हाय. मीबी उठलो, वाडगं पुढं धरलं, तोंड उघडलं.

"गो..."

टण्ण!

कवळी वाडग्यात. इथून जपानपर्यंत सगळ्यांच्या माना वाडग्याकडं वळल्या. तिकडच्या म्हाताऱ्यानं पडद्यातून माझ्या वाडग्यात वाकून बघितलं, मग हळूच अंगठा आपल्या तोंडाला लावून स्वतःची जागेवर हाय का ते दाबून बघितलं. आणि मग दोन्ही देश हसले.

घरी जाताना ईश्वरी म्हणाली, "आबा, माझं वाक्य नीट झालं का?"

"लई झकास झालं."

"मग तुमची कवळी मधी कशाला बोलली?"

घरी पोचलो तर आमच्या आधी सुनेच्या मोबाईलवर व्हिडिओ पोचलेला. सून पदर तोंडात कोंबून चुलीकडं गेली ती बराच वेळ बाहेर आली न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कवळी धुऊन डबीत ठेवली, आपणहून पडवीत शेळीसमोर जाऊन बसलो आणि बशीतला चहा बिनआवाजाचा प्यायलो. आत ईश्वरीनं दुधाचा असा भुरका मारला, की शेळी उठून उभी राहिली. सून दारात आली.

"मामा, पोरगी भुरके मारायला लागली, आणि तुम्ही आज गप?"

"तुला काय म्हाईत?" मी म्हणलं. "जपानात बिनदाताच्या माणसानं भुरका मारायची रीत न्हाय."