मावशी यायच्या आधी

सकाळी मी चहा गाळत होते आणि नवरा हॉलमध्ये ओणवा होऊन सोफ्याखालचा कचरा झाडूने ओढून काढत होता.

"अरे, केर-भांड्यांना मावशी येतीलच ना आता?" मी म्हटलं.

तो वर न बघताच म्हणाला, "म्हणूनच तर! हे असलं बघून त्या काय म्हणतील?"

मला हसू आलं. हसता हसता नजर ओट्यावरच्या पालथ्या पातेल्याकडे गेली. दूध करपलेलं मावशींना दिसू नये म्हणून मीच ते उठल्या उठल्या घासून ठेवलं होतं.

रोज थोडं थोडं आवरलं की मन शांत राहतं म्हणतात. राहत असेल बाई! आमचं सगळं लक्ष घड्याळाकडे. देवापुढे आम्ही खुशाल पसाऱ्यात बसतो, कारण तो बघतो पण काही विचारत नाही. मावशी मात्र सोफ्यावरचा मोजा दोन बोटांत उचलून, अगदी गोड आवाजात विचारतात, "वहिनी, हा कुठं ठेवू?" तेवढं आम्हाला दिवसभर पुरतं.

इतक्यात फोन वाजला. "वहिनी, आज येत नाही हो. पाहुणे यायचेत, सकाळपासून घरच आवरतेय."

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने झाडू तिथेच भिंतीला टेकवला, दोरीवर नीट वाळत घातलेला ओला टॉवेल काढून आणला, पलंगावर टाकला आणि शेजारी पाय पसरून बसला.

खरं सांगते, घर कसं शांत शांत वाटायला लागलं.