भारी गट

माझ्या धाकट्या भावाच्या भविष्याचा निकाल आमच्या गावानं तालमीसमोरच्या पारावर बसून लावला. मी तेव्हा लातूरला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते आणि मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं नाही तरी मी बोलले, तो माझा स्वभावच. उपयोग काही झाला नाही.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं. कचेऱ्या, पाट्या, खुर्च्या, झालंच तर खेळाडूही. बाहेरून आलेल्या एका मास्तरांवर बॉक्सिंगचा संघ उभा करायचं काम पडलं. त्यांनी उदगीरच्या जत्रेत माझ्या भावाची कुस्ती पाहिली आणि आमच्या वडिलांकडून, अण्णांकडून, त्याला मागून घेतलं. भाऊ तेव्हा रेड्यासारखा होता. गावाचा रिवाजच होता की तालमीतला जो पोरगा पुढं येईल, त्याला ज्याच्या घरी म्हैस व्याली असेल त्याच्याकडून दूध जायचं. त्यामुळं त्याच्या अंगावरचं मांस काही एकट्या आमच्या घरचं नव्हतं.

मग लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. म्हशी आटल्या, बऱ्याचशा बाजारात गेल्या. भाऊ उतरत गेला. त्याच्या गालाची वर आलेली हाडं पाहून आईनं डोळ्याला पदर लावला. मास्तर मात्र खूश होते. सरावाच्या शेडबाहेर एकदा मला म्हणाले, "भावाचं वजन गेलं, पण पाय मोकळे झाले बघा. आता त्याचा हात येताना दिसतच नाही. खालच्या गटात खेळू द्या त्याला. राज्यापर्यंत जाईल, आणि मग पोलिसातली नोकरी कुठं जात नाही." मास्तर मोजकं बोलणारे, म्हणून मला ते पटलं.

सुट्टीत मी हे पारावर सांगितलं आणि सगळ्यांची तोंडं कडू झाली. आमच्याकडं जत्रेत आधी पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर. शेवटची कुस्ती मोठ्या पैलवानांची, तिच्यासाठी माणसं दिवस कलेपर्यंत थांबतात. खालचा गट म्हणजे रेवड्यांची कुस्ती, असंच सगळ्यांना वाटलं. गावानं दूध पाजलेला पैलवान रेवड्यांवर खेळणार, ही कल्पनाच कुणाला सोसेना.

भावाला लहानपणापासून घडवलेल्या वस्तादांनी त्याची मान मुठीत धरून पाहिली, मांडी दाबली, दंड थोपटला. "हाड भारी हाय," ते म्हणाले. "मांस काय, पाऊस पडला की परत येतंय. ह्यो भारी गटातलाच गडी हाय."

मी म्हणाले, "पण वस्ताद, तिथं मान धरून पाडायचं न्हाई. चपळाई लागते, मास्तर कवाचं सांगून राहिलेत."

"बाई, पोरं शिकवायचं शिकून राहिलीस, तेवढंच शीक."

सगळे हसले. भाऊही खाली मान घालून हसला. वस्तादांसमोर वर बघून बोलणं त्याला कधी जमलंच नाही. लातूरला येऊन त्यानं मास्तरांना सांगितलं, भारी गटातच खेळतो. मास्तरांनी यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि भारी गटात लिहिलं.

भारी गटाला वजन कमी पडणार हे गावालाही कळत होतं. त्यावर तोड निघाली, काट्यावर चढायच्या आधी पोटभर पाणी पाजायचं. पण लातुरात नळ कोरडे, आणि गावात टँकर आला की बायकांची डोकी फुटायची वेळ यायची. तरी घरटी एकेक तांब्या निघाला. दुधाची रिकामी कॅन पाण्यानं भरली आणि स्पर्धेच्या सकाळी ट्रकमधून गावासोबत लातूरला आली. भाऊ प्यायला, थांबला, परत प्यायला. शेजारची म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पी रं बाळा. आमचं काय, दुपारी टँकर येतोय की." टँकर त्या दिवशी येणार नव्हता. मला ठाऊक होतं आणि तिलाही.

काट्यानं त्याला भारी ठरवलं. समोरचा परजिल्ह्यातला गडी मात्र खरोखरच भारी होता. पहिल्याच फेरीत त्याचा ठोसा पोटात बसला. भाऊ दोरीला टेकला आणि ओकला. नुसतं पाणी. पंचांनी विचारलं तेव्हा भावानं मान हलवली, खेळतो म्हणून. पुढचा ठोसा डाव्या कानावर बसला आणि पंचांनी कुस्ती, मी अजून कुस्तीच म्हणते, तिथंच थांबवली. वस्ताद खांद्यावरचा पंचा काढून रिंगमध्ये चढले आणि त्यांनी ते सगळं पाणी स्वतः पुसलं.

मला त्या माणसांचा राग येतो, आजही येतो. आणि त्या दिवशी ती माणसं तहानलेली घरी गेली, हे आठवलं की रागही नीट करता येत नाही. वैऱ्यानं केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या.

पुढं पाऊस झाला. दूध सुरू झालं, भाऊ पुन्हा भरला. हाडाच्या बाबतीत वस्ताद चुकले नव्हतेच. पोलीस भरती निघाली तेव्हा उंची, छाती, धावणं, सगळ्यात तो पास झाला. आता फक्त डॉक्टरांची तपासणी राहिली होती. मी आणि अण्णा दाराशी उभे होतो. तोवर आई सोडून त्याच्या कानाबद्दल कुणी बोललं नव्हतं, आणि तोही "जरा दडा बसलाय" एवढंच म्हणायचा.

डॉक्टरांनी त्याला पाठमोरं उभं केलं, उजव्या कानावर हात ठेवायला लावला आणि मागून हळू आवाजात एकेक शब्द म्हणायला लागले. त्यानं तो त्यांच्यामागून म्हणायचा होता. आम्हाला दारातून सगळं ऐकू येत होतं. भाऊ छाती काढून ताठ उभा होता, आणि डॉक्टर कधी सुरू करतात याची वाट बघत होता.