काळ्या बॉबिनचा अंतरपाट

मंदाकाकू माणसांची नावं सर्रास विसरायच्या, पण झाड तोडणारा माणूस त्यांच्या कायमचा लक्षात राहायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरी गाडी लावायला जागा हवी म्हणून बदामाचं झाड पाडलं. त्या दिवसापासून काकूंनी त्या घराची पायरी चढायचं सोडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं, तर फाटकाबाहेरूनच म्हणायच्या, "नको बाई, मले तुमच्या अंगणात भीती वाटते. उद्या मलेही तोडाल." घरच्या बायका खो खो हसायच्या. मी काकूंची भिंतीला भिंत लागून शेजारीण, मला ठाऊक होतं की ही बाई अजिबात गंमत करत नाहीये.

सूड घ्यायचा तर काकू मशीनवर घ्यायच्या. पायाने चालवायचं जुनं शिलाई मशीन होतं त्यांचं. कापड दाबून धरणारी त्याची पट्टी काढून ठेवायची, लूमवरून आणलेलं कोरं कापड लाकडी रिंगेत ताणायचं, आणि सुई धावत असताना दोन्ही हातांनी रिंग अशी फिरवायची की सुईखालून फांद्या फुटत जायच्या. बुऱ्हाणपुरात मशीनवर भरतकाम करणाऱ्या बायका पुष्कळ. कुणी गुलाब काढतं, कुणी मोर. काकू फक्त झाडं काढायच्या, आणि तीही तोडलेली. त्या बदामाचं झाड त्यांनी महिनाभर खपून काढलं, वाकडी फांदी, लाल पिकलेली पानं, सगळं हुबेहूब, आणि त्याच घरी दिवाळीला भेट म्हणून पाठवलं. त्या लोकांनी ते काचेत मढवून दिवाणखान्यात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे!

"लावू दे," काकू म्हणाल्या. "आता रोज त्याच्याच खाली बसून चहा पितात. मले दुसरं काय पाहिजे?"

मला ही बाई फार आवडायची. मी शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांना 'क्षमा करावी' शिकवायचं आणि संध्याकाळी काकूंकडे जाऊन मन मोकळं करायचं.

पण बदाम वगैरे सगळं किरकोळ. काकूंचा खरा वैरी घरातलाच होता, त्यांचा धाकटा दीर प्रभाकर. शाहपूरकडे त्यांचं केळीचं शेत. बांधावर एक आंबा होता, काकूंच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी स्वतः लावलेला. काका शेवटचे इंदूरला दवाखान्यात होते तेव्हा एकच गोष्ट सारखी सांगायचे, "मले माझ्या आंब्याचं लाकूड द्या." काका गेले. त्यांना घरी आणलं, तेव्हा काकूंनी दिराला आंब्याचं लाकूड आणायला सांगितलं. प्रभाकरभाऊ खाली बघत म्हणाले, "वहिनी, आंब्यावर वीज पडली ना. जळून गेला." तापीच्या घाटावर काकांना वखारीतलं विकतचं लाकूड लागलं.

तेरावं झाल्यावर काकू मला घेऊन शेतात गेल्या. बांधावर खोड होतं, वरून ताटासारखं सपाट. बाजूला भुसा, आणि बांध फोडून केळीची नवी लागण. काकू खाली बसल्या, खोडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शैला, वीज काय करवत घेऊन येते का ग?"

घरी येऊन त्यांनी हाच प्रश्न चार नातेवाइकांत विचारला. सगळे त्यांच्यावरच डाफरले. दुःखात आहे, काहीबाही बोलते. प्रभाकरभाऊंनी तर सरळ डोळ्यांत पाणी आणलं. त्या दिवशी काकूंनी मनाशी खूणगाठ बांधली की या माणसाच्या तोंडून 'मीच तोडला' एवढं वदवून घ्यायचं. शेत नको, पैसा नको, एवढंच पाहिजे. सात वर्षं त्यांनी दुसरी कुठली इच्छा बोलून दाखवली नाही.

आणि मग रेणूचं लग्न ठरलं. रेणू प्रभाकरभाऊंची एकुलती एक मुलगी, पण वाढली काकूंच्या मशीनपाशी. काकूंना मूलबाळ नव्हतं. 'मोठी आई, मोठी आई' करत ही पोर शाळेतून थेट तिथे यायची, आणि दहाव्या वर्षी रिंग फिरवायला शिकली होती. प्रभाकरभाऊ पेढे घेऊन आले. "वहिनी, अंतरपाट तुमच्याच हातचा पाहिजे. भुसावळचे पाहुणे आहेत, बघतच राहिले पाहिजेत."

"करते की, भाऊजी," काकू कधी नव्हे इतक्या गोड बोलल्या.

मशीनवर दोन धागे चालतात. वरचा रिळाचा, खालचा बॉबिनचा. सुलट बाजूला वरचा दिसतो, उलट बाजूला खालचा. नेहमी काकू दोन्हीकडे एकच रंग घालायच्या. या वेळी त्यांनी वर हिरवा घातला आणि मला म्हणाल्या, "शैला, माझी नजर पोचत नाही, बॉबिन तू भर. काळा भर. सगळ्या काळ्या." मग हसल्या. "जळून गेला म्हणतो ना? त्याले जळालेलाच दाखवते."

अंतरपाटाची एक बाजू नवरदेवाकडे, दुसरी नवरीकडे. नवरदेवाकडच्यांना मोहोरलेला हिरवागार आंबा दिसणार, आणि नवरीमागे उभ्या बापाला तोच आंबा, पानापानासकट कोळसा झालेला. काय डोकं चालतं बाईचं! मी बॉबिनवर बॉबिन भरत गेले. एकदाच म्हटलं, "काकू, त्या बाजूला रेणूपण असेल."

मशीन थांबलं नाही. "नवरी मान खाली घालून असते. तिले काय दिसते?"

मी पुढची बॉबिन भरायला घेतली. खरं सांगते, मलाही प्रभाकरभाऊंचं तोंड बघायचं होतं.

लग्नात अंतरपाट धरला आणि नवरदेवाकडून 'वा, वा' झालं. मोबाइल वर झाले, सगळ्यांनी आंब्याचे फोटो काढले. मी मुद्दाम या बाजूला उभी होते. प्रभाकरभाऊंनी पहिल्या अक्षता टाकल्या, वर पाहिलं, आणि हात तसाच राहिला. उरलेली मंगलाष्टकं त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच. मला इतका आनंद झाला की मी जरा जोरातच अक्षता टाकल्या. रेणूकडे मी बघितलंच नाही.

पंगत बसायच्या आधी प्रभाकरभाऊ काकूंना गाठून म्हणाले, "वहिनी, लग्नाच्या दिवशी असं करतात का?"

"काय झालं भाऊजी? सगळे तर हिरवाच बघून राहिले. फोटोतपण हिरवाच आहे. तुम्हाले काळा दिसला का?"

प्रभाकरभाऊ खुर्चीवर बसले. रुमालाची घडी करत राहिले. मग म्हणाले, "मीच तोडला वहिनी. दादा वाचणार नाही असं डॉक्टर बोलले, अन् लागण खोळंबली होती. मीच तोडला."

त्या दिवशी काकूंनी चार जिलब्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी रेणू माहेरी आली. ती आधी काकूंकडेच आली, हातात घडी घातलेला अंतरपाट. मीही तिथेच होते.

"मोठी आई, हा तुमच्याकडे ठेवा. मला घरात नको."

"अग, बापाले दाखवायचा होता तो..."

"ते बाबांनी सांगितलं मला, पण परवा. मंडपात मला काय माहीत? मला वाटलं, तुम्ही हे जळकं झाड माझ्यासाठी काढलं. सगळी मंगलाष्टकं मी हेच सोचत होते, की माझं काय चुकलं." तिचा आवाज चढला. "एकदा मला सांगायचं होतं ना! मी स्वतः बाबांना पकडून विचारलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाही."

ती गेली. काकू अंतरपाट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "दोन शब्द काढून घेतले ग त्याच्याकडून," त्या म्हणाल्या, "अन् पोरगी देऊन बसले."

त्यानंतर त्यांनी झाड काढलं नाही. लोक ब्लाउज घेऊन यायचे, ते शिवून द्यायच्या. रेणूला फोन करायच्या. ती बोलायची, कशा आहात विचारायची, यायची मात्र नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हा आली. त्यांना उचलेपर्यंत पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली.

मला राहवलं नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "रेणू, त्यांना माफ कर बेटा. सात वर्षांची आग होती ती."

"त्यांना तर मी केव्हाच केलं, शैलामावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांचं झाड गेलं होतं, त्यांचा माणूस गेला होता. पण मोठ्या आईला बॉबिन भरायला दिसत नव्हतं, हे मला माहीत आहे. तुमचं बाबांनी काय बिघडवलं होतं?"

चाळीस पोरांना 'क्षमा करावी' शिकवणारी मी. तिच्यासमोर माझेच हात बघत उभी राहिले, त्या सगळ्या काळ्या बॉबिन याच हातांनी भरल्या होत्या.