पाळण्याची खुर्ची

रनाळ्याला एका नव्या घराची चौकट उभी करत होतो, तेव्हा संजयचा, माझ्या मुलाचा, फोन आला. म्हणाला, नाना, घरी या. कशाला म्हणून विचारलं, तर त्याने फोन ठेवला. चौकट अर्धी उभी होती, ओळंबा सोडलेला होता. अर्धी चौकट टाकून सुतार उठत नाही, ही माझी जन्माची सवय. पाचरी ठोकल्या, गवंड्याला समजावून सांगितलं, मग रस्त्यावर येऊन एका मोटरसायकलवाल्याला हात दाखवून थांबवलं. घरी पोचलो तर अंगणात माणसं उभी होती... विमल गेली होती. लकव्याचा दुसरा झटका. संजय म्हणतो, तुम्ही लगेच निघाले असते तरी भेट झाली नसती. तो खरं बोलतो की मला बरं वाटावं म्हणून बोलतो, ते मी विचारलं नाही. दीड महिना झाला त्याला.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार आमचा. मी गाड्यांचा सुतार. सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की माझ्या दारात बैलगाड्यांची रांग लागायची. बाभळीचं चाक मी करावं आणि ते तापीच्या वाळूतून वर्षानुवर्षं चालावं. पुढे टायरच्या गाड्या आल्या, मागून ट्रॅक्टर आले, आणि मी दारं-चौकटींवर आलो. पण ती सगळी दुसऱ्यांच्या घरची. आमच्या स्वयंपाकघरातली फळी एका बाजूने मोडली होती, तिच्याखाली विमलने विटा रचल्या होत्या. बारा वर्षं त्या विटा तशाच. मला ती कधी काही म्हणाली नाही. पाहुणे आले की मात्र चहा देता देता सांगायची, "आमना मालक भलता मोठा मिस्तरी शे, म्हणीसन त्यासले टाइम नही." पाहुणे हसायचे, मी बशीतला चहा फुंकत बसायचो.

तीन वर्षांपूर्वी तिला पहिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची. डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली, जाडजूड व्हायची, पण शिकली. उजव्या हातात काही धरलं की मात्र पडायचं. मग आमची सून ज्योती शहाद्याला माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिन्याने घरी येणार होती. एक दिवस संजय ओट्यावर फोनवर तिला सांगत होता की तू आल्यावर आईच्या हातात बाळ देऊ नको, तिच्या हातून कप पडतात. वाईट मनाने नव्हता बोलत. नव्या बापाची काळजी ती. पण विमल दाराच्या आत बसून लसूण सोलत होती.

दोन दिवस ती जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. आमच्या शेजारी गुजर पाटलांच्या घरी मोठा झोपाळा आहे, पूर्वी ती त्यावर बसायची, आता चढता येत नव्हतं. म्हणाली, खुर्चीच अशी करा की ती झुलेल, आणि तिच्या डाव्या बाजूला पाळणा जोडून द्या. मी पाय रेटीन, दोघी झुलू. मी म्हणालो, असं काही कोणी करत नाही. तेव्हा ती म्हणाली, "मांडीवर नका देऊत... पन मन्हा बाजूले तं ऱ्हाऊ द्या तिले."

संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी दुसऱ्याच दिवशी लाकूड काढलं. खुर्ची सागाची, पाळण्याला चारी बाजूंनी गोल दांड्या, सगळं रंध्याने असं साफ केलं की गाल घासला तरी टोचणार नाही. आणि खुर्चीखालच्या दोन वाकड्या पट्ट्या, ज्यांच्यावर ती झुलणार, त्या मी बाभळीच्या केल्या, माझ्या चाकाच्या फर्म्यावरून. माझी शाळा चौथीत सुटली. गोलाई म्हटली की माझ्या हाताला चाकाचीच गोलाई ठाऊक.

बारा दिवसांत खुर्ची उभी राहिली. झुलवून पाहायला हात लावला, तशी विमल स्वयंपाकघरातून ओरडली, "रिकामा पायना हालाडू नका. पोरनं पोट दुखस." खुर्ची हलली की पाळणा हलणारच. मी म्हणालो, मग तपासू कसं? ती आत गेली आणि डाव्या काखेत वरवंटा धरून आली. बारशाला आपण बाळाच्या आधी वरवंटाच घालतो ना पाळण्यात. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिने तो पाळण्यात निजवला, खुर्चीत बसली आणि डाव्या पायाने रेटा दिला. खुर्ची मागे गेली... आणि परत आलीच नाही. मागेच चालली. मी धावून पाठ धरली म्हणून विमल वाचली. वरवंटा पाळण्यातून उडाला तो माझ्या पायावर. संजय दारात उभा होता. त्याने वरवंटा उचलला, कापड सोडलं, पाट्यावर नेऊन ठेवला. विमल त्याच्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, फरशीच वाकडी आहे. ती म्हणाली, "फरशी नही वाकडी. तुम्ही खुर्ची नही, गाडी करी ठेवी. आते बैल तेवढे जुपा."

मला राग आला. चाळीस वर्षं गावोगावी ज्या चाकाचं नाव, त्यालाच ही नावं ठेवते. आठ दिवस मी त्या खुर्चीकडे पाहिलं नाही. अंगठा काळानिळा झाला होता, तोही कोणाला दाखवला नाही. नवव्या दिवशी सकाळी अंगणात खुर्रखुर्र आवाज आला. पाहतो तर विमलने दोरीचं एक टोक पायाखाली दाबलं होतं, दुसऱ्या टोकाला कोळसा बांधून डाव्या हाताने जमिनीवर गोलाई काढत होती. माझ्या चाकाच्या गोलाईपेक्षा मोठी, सपाट. रेघ नागमोडी आली होती. मी जवळ गेलो, दोरीचं टोक तिच्या हातातून घेतलं. ती पाय दाबून उभी राहिली आणि मी रेघ ओढली.

त्या गोलाईवर पट्ट्या कापल्या, त्या फार सपाट निघाल्या, खुर्ची जागची हलेना. दोरी आखूड केली, तिसरी जोडी कापली. मग रोज थोडं तासायचं आणि तिने बसून पाहायचं. लकव्याने ती उजवीकडे कलून बसायची, पाळण्याचं वजन डावीकडे. ते कलणं मोजून मी डावी पट्टी दोन दोरे, म्हणजे पाव इंच, जास्त घासली. प्रत्येक वेळी वरवंटा पाळण्यात. त्याला ती दगडू म्हणायला लागली. शेजारची पाटलीण कुंपणावरून म्हणाली, "काय वं वहिनी, दगडले झोपाडी ऱ्हायनी का?" विमल म्हणाली, "हाऊ रडत नही, रुसतबी नही. मन्हा मालकपेक्षा बरा शे." मी खाली पट्टी घासत होतो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत आम्ही दोघं दिवसभर एका जागी असे कधी बसलोच नव्हतो.

सव्वा महिन्याने ज्योती बाळाला घेऊन आली. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, चहा झाला. विमल खुर्चीत जाऊन बसली होती. मागणार नव्हती ती. ज्योतीने खुर्ची पाहिली, पाळण्याच्या दांड्यांवरून हात फिरवला आणि मुलीला त्यात ठेवलं. संजय पुढे झाला, म्हणाला, ऱ्हाऊ दे, आईला झेपणार नाही. ज्योती म्हणाली, "मले चहा पेवाना शे. तुम्हले जोयजे तं उभा ऱ्हा आठे." आणि आत गेली. चहा तर आत्ताच झाला होता.

संजय उभा राहिला. विमलने पाय रेटला. खुर्ची मागे गेली, पुढे आली, मागे गेली. डावा हात तिने मुलीच्या छातीवर ठेवला होता. थोड्या वेळाने संजय शर्टाची बटणं सोडत आत निघून गेला. मी रंधा पुसायला घेतला, तो आधीच पुसलेला होता.

वर्षभर आमची आरोही त्याच पाळण्यात झोपली. मुलीवर लक्ष ठेवा, असं विमलला कोणाला सांगावं लागलं नाही. सगळे खुशाल कामाला जायचे.

आता आरोही चालते. पाळण्यातून पाय बाहेर येतात, तरी दुपारी स्वतःच चढून बसते आणि खुर्चीकडे बोट दाखवते. मग मी बसतो. मी विमलपेक्षा जड, आणि सरळ बसतो, म्हणून खुर्ची जरा मागे आणि डावीकडे कलून राहते. ज्योती दोनदा म्हणाली, नाना, पट्टी थोडी घासून घ्या, तुम्हाला त्रास होतो. अर्ध्या तासाचं काम आहे, रंधा हाताशी आहे. मी म्हणालो, राहू दे. ती गोलाई विमलच्या बसण्याची आहे. मी उजवीकडे थोडा कलून बसायला शिकतोय... तसं बसलं की खुर्ची बरोबर झुलते.