फोन लागेल तिथवर

बोरिवलीत राहून इतकी वर्षं झाली तरी कान्हेरीची लेणी मी पाहिलेली नव्हती. गावाहून पाहुणे आले की त्यांना नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत सोडायचं, तिकिटाची रांग दाखवायची आणि आपण भाजी घेऊन घरी यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. बघण्यासारखं जे काही असतं ते दुसरीकडे असतं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. मग नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आम्ही पर्यटक झालो.

माझा रक्तगट जुळत नव्हता. त्याच्या बहिणीला डायबेटिस. मुलगी एकच, आणि तिचं नाव त्याने काढूच दिलं नाही. शेवटी कुणा अनोळखी मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नाव घातलं. अंधेरीच्या हॉस्पिटलात यादीचं काम बघणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं, फोन कधीही येईल, आला की लगेच हजर व्हायचं, उचलला नाही तर आम्ही पुढच्याला लावू. आणि गावाला वगैरे जायचं विसरा. नवरा मालवणकडचा. गणपतीला आणि मे महिन्यात गावी गेला नाही तर ज्याला चैन पडत नाही, त्याला हे सांगितलं. तो बाईंशी भांडला. मग घरी येऊन माझ्याशी भांडला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. शनिवारी त्याला जरा माणसात आल्यासारखं वाटायचं. अशाच एका शनिवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "चल, मुंबई बघू."

"मुंबईत काय बघायचंय?"

"तुला माहितीये? नाही ना? मग चल."

पहिल्यांदा मंडपेश्वरला गेलो. घरापासून रिक्षाने जेमतेम चहाचा कप गार होईल एवढं अंतर. खाली महादेवाची लेणी, वर पडक्या चर्चच्या भिंती. पुढच्या मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती. नवऱ्याने माहितीचा फलक अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचला, जसं काही मला वाचता येत नाही. मी सगळा वेळ फोनकडे बघत होते. आत गाभाऱ्यापाशी टॉवर जाईल, म्हणून मी उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकलं नाही.

कान्हेरीला तर चांगलीच जुंपली. मोठ्या चैत्यापर्यंत सगळं ठीक होतं, पण त्याला पायऱ्या चढून अगदी वरच्या लेण्यांपर्यंत जायचं होतं.

"वर टॉवर गेला तर?"

"गेला तर गेला."

"गेला तर गेला काय रे? किडनी तुला पाहिजे ना?"

"मग फोन तू धर. मी बघून येतो."

तेव्हापासून हीच आमची पद्धत झाली. तो बघायचा, मी फोन धरायची. टॉवर असेल ती जागा शोधून मी बसायची आणि तो दम खात खात पुढे जाऊन यायचा. परत आला की काय पाहिलं ते सांगायचा. कान्हेरीच्या वरून उतरला तेव्हा घामाने डबडबला होता आणि चेहरा मात्र शाळेच्या सहलीला आलेल्या मुलासारखा. "प्रत्येक खोलीत झोपायला दगडी ओटा आहे," म्हणाला. "एकच माणूस मावेल एवढा."

"तुझी सोय झाली. शेजारी घोरणारं कोणी नाही."

"घोरतेस तू," तो म्हणाला. परतीच्या बसमध्ये पार गेटपर्यंत आम्ही त्यावरच वाद घालत होतो. त्या दिवसांत मी सुखी होते, हे आज लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं. पण होते. फोन येईल असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आणि तो आला. आम्ही गोराईला होतो, खाडीच्या पलीकडे. मी जेट्टीजवळ फोन घेऊन बसले होते आणि नवरा गावातला जुना क्रूस बघायला गेला होता. बाई म्हणाल्या, निघा, काही खाऊ नका. मी साडी वर धरून गावाच्या रस्त्याने त्याला हाका मारत धावले. दोघं जेट्टीवर आलो, पण बोट भरल्याशिवाय सोडत नाहीत. गोराईचीच एक बाई भाजीच्या टोपल्या घेऊन बसली होती. मी रडत काय सांगितलं ते तिला कितपत कळलं कोण जाणे, पण तिने बोटवाल्याला दरडावलं, "अरे सोड ना आता! बाईचा माणूस आजारी आहे, दिसत नाय?" त्याने सोडली. पलीकडे रिक्षा मिळाली, सिग्नलही मिळत गेले. मला तर वाटलं, आज सगळं आपल्याच बाजूने आहे.

हॉस्पिटलात कळलं की आम्ही दुसरे. पहिला नंबर एका तरुण मुलाचा होता. त्याच्या चाचण्यांत काही अडचण आली तरच आमचा विचार. त्याची आई समोरच्याच बाकावर माळ ओढत बसली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्याच्या चाचण्या बिघडाव्यात असं मला वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. त्या बिघडल्या नाहीत. मुलाला आत नेलं, आणि बाईंनी आम्हाला सांगितलं की तुम्ही आता जेवून घ्या.

"पुढच्या वेळी," मी रिक्षात म्हणाले. नवरा म्हणाला, "त्या पोराचं वय बघितलंस? बरं झालं त्याला मिळाली." मग मी त्याच्यावर ओरडले. त्याने उलट माझ्यावर आवाज चढवला. रिक्षावाला आरशातून बघत होता.

पुढची वेळ आलीच नाही. दिवाळीनंतर त्याच्या पायांना सूज राहायला लागली, दोन जिने चढला तरी धाप. हृदयाची तपासणी केली. पंपिंग फार कमी झालंय, डॉक्टर म्हणाले, एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही, नाव यादीतून तूर्त बाजूला ठेवतो. तूर्त म्हणजे काय ते मी विचारलं नाही. डॉक्टर चांगला माणूस. त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हणाला, "आता गावी जाऊन या की. तिकडच्या हॉस्पिटलातही डायलिसिस होतं. मी चिठ्ठी देतो."

ज्या गावासाठी हा माणूस जीव टाकत होता तिथे जायला आता कोणाची ना नव्हती. मी त्याच दिवशी तिकिटाचा विषय काढला.

"गावाक जावन काय करतलंय?" तो म्हणाला. माझ्याशी तो कधी मालवणीत बोलत नसे. "थंय सगळे माका बघूक येतले." मी पुन्हा विषय काढला नाही.

नंतरच्या शनिवारी मीच त्याला पवईला घेऊन गेले. त्याने कुठे जायचंय विचारलं नाही. तलावाच्या कडेला बाकावर बसलो. पाण्यावर जलपर्णी पसरलेली, पलीकडे ऑफिसांच्या काचेच्या इमारती, मगरींपासून सावध राहा असा फलक. तो त्याने वाचला नाही. फोन माझ्या पर्समध्ये होता. टॉवर आहे की नाही, मी बघितलंही नाही.

थोड्या वेळाने शहाळ्यांची गाडी येऊन आमच्याजवळच थांबली. आजाऱ्याला बघायला जाताना लोक शहाळं नेतात, पण किडनीच्या पेशंटला ते विष. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे ते वर्ज्य होतं. शहाळेवाल्याने एक सोललं, कोयत्याने तोंड उडवलं आणि कोणाला तरी दिलं.

"एक घेऊया?" नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. इतक्या महिन्यांच्या सवयीने तोंडातून आपोआप गेलं.

"बरं," तो म्हणाला, आणि तलावाकडे बघत बसला.

मी वाट पाहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने माझं एकही 'नाही' मुकाट्याने ऐकून घेतलेलं नव्हतं. आता म्हणेल, एका घोटाने काय होतंय. म्हणेल, आता कोणासाठी जपायचंय. त्याने आणखी एकदा मागितलं असतं तर मी उठून घेऊन आले असते. शहाळेवाला गाडी ढकलत पुढे निघून गेला, तरी तो काही बोलला नाही.